सही करण्याआधी शब्दाचे शेपूट पाहा



वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की काही बायका लगेच उठत नाहीत. कोणीतरी पदराआडून प्लास्टिकची पिशवी काढते. तिच्यात केस पेपर, सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्ततपासणीचे कागद, डिस्चार्ज कार्ड, सगळे घड्या घालून जपून ठेवलेले असते. "सिस्टर, यात काय लिव्हलंय तेवढं सांगा."

आम्ही वाचून सांगतो. पण ज्या बाईच्या पोटाबद्दल तो कागद आहे, तिलाच तो परका असतो, हे आम्हाला खटकते. दवाखान्यात तिला कोणी समजावले नाही आणि तिनेही विचारले नाही, कारण विचारायला लागणारा शब्दच तोंडात बसत नाही. म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर औषध नाही, आहारही नाही. दवाखान्यातले अवघड शब्द कसे फोडायचे, कसे म्हणायचे आणि त्यांचा अर्थ काय, एवढाच धडा आहे. सगळे शब्द एका पानात मावणार नाहीत. ज्यांच्याखाली आपण सही करतो किंवा अंगठा देतो, ते आधी घेतले आहेत.

ही भाषा इंग्रजांचीही नाही

पदवी घेतलेली आपली मुलेसुद्धा रिपोर्ट पाहून म्हणतात, आमचे इंग्रजी कच्चे आहे. तसे काही नाही. हे बहुतेक शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. ते जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतून आलेले आहेत. लंडनमध्ये बस चालवणाऱ्या माणसालाही 'कोलेसिस्टेक्टमी' म्हणजे काय ते पटकन सांगता येणार नाही. युरोपात कित्येक शतके वैद्यकाचे शिक्षण लॅटिनमध्ये होत असे. ज्याला ती भाषा येत नाही त्याने निमूट बसायचे. हा प्रकार आपल्याला नवीन नाही. संस्कृतच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी तेच भोगले.

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांकडे गेले आणि म्हणाले, की निरनिराळ्या कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणून ते बिघडवतात, तर आम्ही ते छंदात बांधून देतो. भगवंतांनी ते मान्य केले नाही. ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावे, असे त्यांनी सांगितले. बाबासाहेबांनी पालीचा शब्दकोश तयार केला, त्यात पाली शब्दापुढे इंग्रजीबरोबर मराठी, गुजराती, हिंदी अर्थही दिले. त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात तो छापलेला आहे. परक्या शब्दासमोर आपल्या भाषेतला शब्द लिहून ठेवायचा, ही पद्धत आपल्या घरातलीच आहे.

शब्दाला शेपूट असते

लांबलचक शब्द दिसला की तो एका दमात वाचू नका. मालगाडीचे डबे सोडवावेत तसे त्याचे तुकडे करा. पुढचा डबा बहुधा शरीराचा अवयव सांगतो. शेवटचा डबा सांगतो, की त्या अवयवाला काय झाले आहे किंवा त्याचे काय करणार आहेत. आम्ही त्याला शेपूट म्हणतो.

सगळ्यात जास्त भेटणारे शेपूट 'आयटिस'. त्याचा अर्थ दाह, सूज. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. 'हिपॅट' म्हणजे यकृत, म्हणून हिपॅटायटिस. 'आर्थ्र' म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस. हे नुसते आजाराचे नाव आहे, यात चाकूसुरी नाही. (एक चकवा मात्र आहे. 'प्रुरायटस' हा शब्द ऐकायला तसाच वाटतो, पण त्याचा अर्थ साधी खाज.)

आता ऑपरेशनची शेपटे. ही पाठच करा.

'स्कोपी' म्हणजे आत नळी किंवा दुर्बीण घालून पाहणे. घशातून पोट पाहिले तर गॅस्ट्रोस्कोपी, मोठे आतडे पाहिले तर कोलोनोस्कोपी, पोटाला लहान छिद्र पाडून आत पाहिले तर लॅप्रोस्कोपी.

'ग्राफी' म्हणजे चित्र घेणे आणि 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्ती करणे. या दोन शेपटांतला फरक घरच्या कर्त्या माणसाला माहीत हवाच. अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून फोटो काढणे. अँजिओप्लास्टी म्हणजे बंद पडत आलेली वाहिनी फुग्याने उघडणे आणि बहुतेक वेळा आत स्टेंट बसवणे. घरचे लोक पहिल्याला हो म्हणतात, आणि बिल दुसऱ्याचे हातात पडते. 'ग्राफी'नंतर पुढचे काही करायचे असेल तर आधी बाहेर येऊन सांगा, असे डॉक्टरांना अगोदरच म्हणून ठेवावे. हार्ट अटॅक चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मिनिटे मोजायची असतात, वाद घालत बसायचे नाही.

'ऑटमी' म्हणजे चीर देऊन उघडणे. लॅप्रॉटमी म्हणजे पोट उघडणे. लॅप्रोस्कोपी आणि लॅप्रॉटमी हे शब्द घाईत सारखेच ऐकू येतात. 'स्को' आला तर छिद्रातून, नाही आला तर मोठी चीर.

'ऑस्टमी' म्हणजे नवी वाट, नवे तोंड तयार करणे. श्वासासाठी गळ्याला छिद्र केले तर ट्रेकिऑस्टमी. मोठे आतडे पोटाच्या बाहेर आणून शौचाची वाट केली तर कोलॉस्टमी.

आणि 'एक्टमी'. याचा अर्थ कापून काढून टाकणे. एकदा काढलेले परत बसत नाही. कागदावर 'एक्टमी' दिसली की सही करणारा हात थांबलाच पाहिजे. अपेंडेक्टमी, कोलेसिस्टेक्टमी म्हणजे पित्ताशय काढणे, मॅस्टेक्टमी म्हणजे स्तन काढणे. मॅस्टेक्टमीच्या जवळच दुसरा शब्द आहे, लम्पेक्टमी. त्यात फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग काढतात.

मूत्रपिंडाचे म्हणजे किडनीचे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड. नेफ्रोलिथोटमी म्हणजे चीर देऊन खडा काढणे, कारण मधला 'लिथ' म्हणजे दगड. नेफ्रॉस्टमी म्हणजे लघवी बाहेर येण्यासाठी मूत्रपिंडात नळी ठेवणे. नेफ्रेक्टमी म्हणजे मूत्रपिंडच काढणे. तिन्ही शब्दांची सुरुवात एक आहे. मुतखड्यासाठी भरती झालेल्या माणसाच्या नातेवाइकाने शेवटची दोन अक्षरे वाचली नाहीत, तर त्याला काय कळणार?

'पिशवी'चे शब्द

आपल्या वस्तीतल्या बायकांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोळ ज्या शब्दाचा होतो तो हिस्टरेक्टमी. म्हणायचा असा: हिस्-ट-रेक्-ट-मी, जोर 'रेक्'वर. 'हिस्टेरा' हा गर्भाशयाचा ग्रीक शब्द. बाईच्या वेडाचे मूळ तिच्या गर्भाशयात असते असे तिकडचे जुने वैद्य मानत, त्यावरूनच 'हिस्टेरिया' हा शब्द आला. बाईला दोष देण्याची खोड आपल्याच देशात आहे असे नाही.

हिस्टरेक्टमी म्हणजे गर्भाशय काढणे. आपण 'पिशवी काढली' म्हणतो. पण 'पिशवीचं ऑपरेशन' या एका बोलीत किती वेगवेगळ्या गोष्टी जातात ते पाहा. क्युरेटिंग केले तरी 'पिशवीचं ऑपरेशन', म्हणजे आतले अस्तर खरवडून घेतले, पिशवी जागेवरच आहे. मायोमेक्टमी केली तरी तेच नाव, म्हणजे फायब्रॉइडची गाठ काढली, पिशवी ठेवली. आणि हिस्टरेक्टमी केली तरी तेच. तीस वर्षांच्या सुनेच्या पिशवीला गाठ आहे, तेव्हा मायोमेक्टमी होऊ शकते का, हा प्रश्न विचारण्यासाठी तो शब्द माहीत असावा लागतो. प्रत्येक गाठीला ती चालते असे नाही, पण विचारल्याशिवाय कळतही नाही.

'दुर्बिणीनं करणार' या शब्दानेही घोटाळा होतो. दुर्बिणीने नुसते पाहता येते, दुर्बिणीने गर्भाशयही काढता येते. दुर्बीण हे हत्यार झाले. काम कोणते करणार, ते वेगळे विचारायचे.

आता त्याहून अवघड शब्द. काही संमतिपत्रांवर पाच-सहा इंग्रजी अक्षरे असतात: टी.ए.एच., आणि तिच्यापुढे बी.एस.ओ. पहिल्या तिघांचा अर्थ टोटल अ‍ॅब्डॉमिनल हिस्टरेक्टमी, म्हणजे पोट उघडून गर्भाशय त्याच्या मुखासकट काढणे. 'टोटल'चा अर्थ एवढाच, गर्भाशय अधिक मुख. त्यात अंडाशये येत नाहीत. ती येतात पुढच्या तीन अक्षरांत: बायलॅटरल साल्पिंगो-ओओफोरेक्टमी. 'बायलॅटरल' म्हणजे दोन्ही बाजूंचे. 'साल्पिंक्स' म्हणजे ग्रीक भाषेत तुतारी. गर्भनलिकेचा आकार तसा, म्हणून ती. आणि 'ओओफोर' म्हणजे अंडाशय. आपल्याकडे बरेच जण 'ऊफोरेक्टमी' म्हणतात, पण दोन्ही 'ओ' सुटे म्हणायचे असतात: ओ-ओ-फ-रेक्-ट-मी. पाच वेळा मोठ्याने म्हणा, जमतो.

या शब्दावर आम्ही एवढा वेळ का घालवतो? गर्भाशय काढले आणि अंडाशये ठेवली तर पाळी थांबते, पण अंडाशयांतून तयार होणारी संप्रेरके चालू राहतात. पाळी सुरू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशये काढली तर ती एका दिवसात पाळी गेलेल्या वयात जाऊन पडते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे. विटा वाहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईचे पोट तिच्या हाडांवर चालते. कॅन्सर असेल, रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, तर हे ऑपरेशन जीव वाचवते, आणि तेव्हा मागे हटू नये. पण 'अंगावरून पांढरं जातं', 'कंबर दुखते' एवढ्यावर कोणी पिशवी काढायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी रुग्णालयात, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळात गाजला आणि सरकारने समिती नेमली. तेव्हा 82 हजारांवर महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त बायकांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या.

न्यायालयात गेलेले शब्द

1995 साली दिल्लीतली 44 वर्षांची एक अविवाहित बाई पाळीचा त्रास होतो म्हणून एका खासगी दवाखान्यात गेली. तिने सही केली ती निदानाच्या व उपचाराच्या लॅप्रोस्कोपीसाठी, आणि गरज पडल्यास लॅप्रॉटमीसाठी. म्हणजे शेपटे दोन: 'स्कोपी' आणि 'ऑटमी'. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईकडून दुसरी संमती घेतली गेली आणि तिचे गर्भाशय, दोन्ही नलिका, दोन्ही अंडाशये काढली गेली. शेपूट झाले 'एक्टमी'.

ती लढली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 16 जानेवारी 2008 रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, की तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. बाई सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, तिच्या जिवाला तात्काळ धोका नाही, तर तिच्याऐवजी आईची संमती चालत नाही. डॉक्टरांना त्या ऑपरेशनची फी नाकारली गेली आणि 25 हजार रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम फार नाही, हे आम्हालाही वाटते. पण देशातल्या प्रत्येक दवाखान्याला लागू होणारा नियम त्यातून मिळाला.

या निकालाचा आपल्या घरांशी आणखी एक संबंध आहे. आपल्याकडे बाईच्या ऑपरेशनची सही नवरा करतो, नाहीतर सासू अंगठा देते. बाई सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर सही तिची लागते. दादांनो, बाजूला उभे राहा, आधार द्या, पण पेन तिच्या हातात द्या.

रिपोर्टमधले चकवे

सोनोग्राफीचा रिपोर्ट दोन पानी असला तरी घाबरू नका. तळाशी 'इम्प्रेशन' असा शब्द असतो, त्याखालच्या ओळी आधी वाचा. तो निष्कर्ष. वर मापे आणि वर्णन असते. 'अनरिमार्केबल' लिहिले असेल तर वेगळे काही दिसले नाही, म्हणजे चांगलेच. 'एन.ए.डी.' म्हणजे दोष आढळला नाही. 'लीजन' म्हणजे बिघडलेली जागा, डाग, जखम. नुसत्या या शब्दावरून कॅन्सर समजू नये.

गाठीच्या रिपोर्टमधले दोन शब्द: 'बिनाइन' आणि 'मलिग्नंट'. दोन्हीत इंग्रजी 'जी' हे अक्षर आहे. पहिल्यात ते मुके, दुसऱ्यात ते बोलते. बिनाइन म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, मलिग्नंट म्हणजे कॅन्सरची. आणि 'बायॉप्सी' हे आजाराचे नावच नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, एवढेच. बायॉप्सी सांगितली म्हणून घरात रडारड होते ती अज्ञानाने.

'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगले आणि 'निगेटिव्ह' म्हणजे वाईट, हा शाळेतला अर्थ दवाखान्यात उलटा होतो. ज्याची तपासणी केली ते सापडले तर पॉझिटिव्ह. एच.आय.व्ही. आणि काविळीच्या विषाणूच्या रिपोर्टमध्ये 'रिअ‍ॅक्टिव्ह' व 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' असे लिहितात. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे सापडले नाही. रिअ‍ॅक्टिव्ह आले तरी पुढची खात्रीची तपासणी झाल्याशिवाय शिक्का मारू नये. आणि रक्तगटापुढचा 'निगेटिव्ह' हा आजार नाही, ती रक्ताची जात आहे. (जात हा शब्द आम्हाला आवडत नाही, पण इथे तो कोणाला खाली ढकलत नाही.)

विदर्भातल्या वाचकांसाठी सिकल सेलचे दोन शब्द वेगळे सांगतो, कारण आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार जास्त आहे. 'ट्रेट' आणि 'डिसीज'. रिपोर्टवर ए.एस. पॅटर्न असेल तर ट्रेट, म्हणजे वाहक. त्याला आजार नाही, तो सगळी कामे करू शकतो. एस.एस. पॅटर्न असेल तर डिसीज, म्हणजे उपचार चालू ठेवावे लागणार. शिबिरात बोटातून रक्त घेऊन केलेली सॉल्युबिलिटी टेस्ट नुसती 'पॉझिटिव्ह' सांगते, दोघांतले कोणते ते सांगत नाही. त्यासाठी 'इलेक्ट्रोफोरेसिस' किंवा एच.पी.एल.सी. ही तपासणी लागते. म्हणायचे इ-लेक्-ट्रो-फो-री-सिस. फक्त 'सिकल पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर ठरलेली लग्ने मोडली आहेत आणि मुलीला 'आजारी' ठरवले आहे. आई आणि बाप दोघेही ए.एस. असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एस.एस. होण्याची शक्यता चारात एक असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचा पॅटर्न ए.ए. असेल तर मूल एस.एस. होत नाही. म्हणजे लग्नाआधी पत्रिका पाहण्यापेक्षा दोघांनी पॅटर्न पाहावा.

'हायपर' आणि 'हायपो' यांची अदलाबदल जिवावर बेतू शकते. 'पर' म्हणजे वर, 'पो' म्हणजे पोकळ, असे लक्षात ठेवा. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब वर. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर फार खाली. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला घाम फुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर बहुधा 'पो' झाले आहे. शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी द्या. 'शुगर आहे, गोड नको' म्हणून थांबू नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न ओतता दवाखान्यात न्या.

मुकी अक्षरे आणि आपली देवनागरी

इंग्रजीत लिहिले जाते ते सगळे बोलले जात नाही. न्यूमोनिया, सोरायसिस, सायकियाट्री, तिन्हींच्या सुरुवातीला 'पी' हे अक्षर असते आणि तिन्हींत ते मुके. 'इडिमा' म्हणजे अंगावरची सूज. भारतात ती बहुधा 'ओ'ने सुरू करून लिहितात. 'सिंकपी' म्हणजे भोवळ येऊन पडणे, 'सिंकोप' नव्हे. 'एपिस्टॅक्सिस' असे भारदस्त नाव असले तरी तो आपला घोळणा फुटणेच. 'इक्टेरस' कावीळ, 'पायरेक्सिया' ताप.

या बाबतीत आपली लिपी इंग्रजीपेक्षा सरस आहे. देवनागरीत जसे ऐकू येते तसे लिहिता येते. डॉक्टरांनी शब्द उच्चारला की तो तसाच देवनागरीत कागदाच्या मागे लिहून घ्या. घरी येऊन इंग्रजी स्पेलिंगशी झगडण्यापेक्षा हे सोपे. आणि शब्द चुकीचा उच्चारला म्हणून कोणी हसले तर हसू द्या. ज्याला समजावून सांगायचे काम दिले आहे त्याने ते केले नाही, लाज वाटायची तर ती त्याला वाटावी.

चिठ्ठीवरची अक्षरे

मेडिकलवाला पाकिटावर रेघा मारून देतो, पण चिठ्ठीवरची अक्षरेही ओळखता यावीत. ओ.डी. दिवसातून एकदा, बी.डी. दोनदा, टी.डी.एस. तीनदा (पगारातून कापतात तो टी.डी.एस. नव्हे). एच.एस. झोपताना. एस.ओ.एस. म्हणजे त्रास झाला तरच. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. डोळ्याच्या चिठ्ठीवर मात्र ओ.डी. म्हणजे उजवा डोळा, हे विसरू नका. एन.बी.एम. म्हणजे तोंडाने काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. ऑपरेशनच्या सकाळी आजीबाई मायेने चहा पाजते आणि भुलीत तोच चहा फुप्फुसात जाऊ शकतो.

औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे डॉक्टरांच्या व्यवसायाच्या नियमांतच आहे. अक्षर लागत नसेल तर परत जाऊन लिहून मागण्यात संकोच कसला?

'डामा' म्हणजे काय?

आता ज्या अक्षरांनी आम्हाला सर्वांत जास्त राग येतो ती. डी.ए.एम.ए., बोलण्यात 'डामा'. काही ठिकाणी 'लामा' म्हणतात. अर्थ एकच, डॉक्टरांचा सल्ला डावलून रुग्णाला घेऊन जाणे.

पैसे संपतात. काउंटरवरून सांगितले जाते, की इथे सही करा आणि पेशंट सरकारीत हलवा. नातेवाईक घाईत सही करतात. कागदावर मात्र येते, की आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर, सल्ल्याविरुद्ध नेत आहोत. पुढे रुग्ण दगावला आणि तक्रार करायची वेळ आली तर तो कागद आपल्याच विरुद्ध उभा राहतो. दवाखानाच पाठवत असेल तर 'रेफर' असे लिहून मागा, कारणासह. पैशांमुळेच न्यावे लागत असेल तर सहीच्या वर आपल्या हाताने मराठीत लिहा: "पैशांअभावी नेत आहोत." आणि हलवण्याआधी त्या रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का, आरोग्यमित्र कुठे बसतो, हे विचारा. बरेचदा तो शेजारच्याच टेबलावर असतो.

विचारायचे कसे

डॉक्टर घाईत असतात हे खरे आहे. आम्ही वॉर्डात नोकरी केली आहे, एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून लांबण न लावता विचारा. "डॉक्टर, हे फक्त बघणार आहात की काही काढणार आहात? काढणार असाल तर काय काय? नाही केलं तर काय होईल? दुसरा काही उपाय आहे का?" या चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. कोरा किंवा अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर सही करू नका. ऑपरेशनचे नाव लिहिल्यावरच करा आणि ते नाव मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

आपले कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे. लेखी मागणी केल्यावर डॉक्टरांनी 72 तासांच्या आत नोंदी द्यायच्या असतात. महाराष्ट्रात 2021 पासूनच्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. भरतीच्या वेळी ती शोधा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

एक विनंती घरच्यांना. इंग्रजी शाळेत जाते म्हणून दहा-बारा वर्षांच्या पोरीला आईचा रिपोर्ट वाचायला बसवू नका. 'मलिग्नंट' हा शब्द आईला सांगण्याचे ओझे लेकराच्या जिभेवर का? शब्दांचे पाठांतर तिच्याकडून जरूर करून घ्या. रिपोर्ट मात्र आशाताई, सिस्टर किंवा वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मोठ्या माणसाबरोबर वाचा.

महिला मंडळाने एक दोनशे पानी वही विहारात ठेवावी. डाव्या बाजूला ऐकलेला शब्द देवनागरीत, उजव्या बाजूला मराठी अर्थ. रुग्णाचे नाव त्यात अजिबात लिहू नये, कारण कोणाला काय आजार आहे ही गोष्ट त्याच्या घरची आहे. पुढच्या अंकात गरोदरपणाच्या कार्डावरचे जी, पी, एल आणि ए घेऊ. ज्यांच्या घरी बाळंतपण आहे त्यांनी कार्ड काढून जवळ ठेवावे.